लाल दिवे कोणी बंद केले

कोकिळा भोयर नेरच्या बसस्टँडवर उतरली तेव्हा तिला घ्यायला तिचे वडील बापूजी आले होते. त्यांच्या बगलेत घडी घातलेलं वर्तमानपत्र होतं. मोटरसायकलला किक मारायच्या आधी त्यांनी ते लेकीपुढे धरलं आणि स्वतः दुसरीकडे पाहत राहिले. पाचव्या पानावर ठळक मथळा होता: 'यवतमाळच्या चालकाने दारूच्या नशेत विमानासमोर घातली जीप, एकशे ब्याऐंशी प्रवासी बालंबाल बचावले.'

कोकिळेनं बातमी उभ्याउभ्या वाचली. एकदा वाचून तिचा विश्वास बसेना म्हणून पुन्हा वाचली. मग कागदाची घडी मोडली तशीच घालून तिनं वडिलांकडे परत दिली.

"त्या जीपमंधी मी होती, बाबा," ती म्हणाली. "भीमसिंगभाऊच्या बाजूलेच बसली होती. त्यानं एक थेंब घेतला नव्हता."

लेकीचा जीव कशातून वाचला हे बापूजींना त्या क्षणी कळलं. तिनं फोनवर नुसतं 'सुट्टीवर येऊन राह्यली' एवढंच सांगितलं होतं. किकवर पाय ठेवत त्यांनी विचारलं, मग दारूचं पेपरवाल्याले कोणं सांगतलं. कोकिळा मागच्या सीटवर बसत म्हणाली की तिलाही तेच पाहायचं आहे.

बापूजींची आठ एकर जमीन. कपाशी, सोयाबीन, बांधाला तूर. तीन मुलींतली कोकिळा मधली. विहिरीवरचा पंप बंद पडला की मोठी देवाला हात जोडायची, धाकटी वायरमनला बोलवायला पळायची आणि ही पेटीचं झाकण उघडून आत पाहायची. शॉक बसून एकदा शेताच्या धुऱ्यावर फेकली गेली तरी तिचा नाद सुटला नाही. शेवटी बापूजींनीच तिला यवतमाळच्या आयटीआयमध्ये वीजतंत्रीच्या वर्गाला घातलं. अठरा पोरांत दोन पोरी होत्या, त्यांतली एक अर्ध्यातून गेली. कोकिळा टिकली, पहिल्या पाचांत आली आणि परीक्षा देऊन एका मोठ्या शहराच्या विमानतळावर नोकरीला लागली. याला आता नऊ वर्षं झाली होती. गावातल्या बायांना वाटायचं ही विमानात बसून हिंडते. ती आजवर एकदाही विमानात बसली नव्हती. तिचं काम विमानांच्या पायाखालचं होतं.

विमानतळावर दिवसा जमिनीवरच्या रेषा दिसतात, पाट्या वाचता येतात. रात्री फक्त दिवे बोलतात. पांढरे दिवे म्हणजे धावपट्टी, निळे म्हणजे रस्त्याची कड, हिरवे म्हणजे यांच्यावरून चाल. आणि आडवा रस्ता धावपट्टीला जिथं भिडतो तिथं जमिनीत गाडलेली लाल दिव्यांची एक रांग असते. ती म्हणजे थांब. टॉवरमधला अधिकारी धावपट्टी मोकळी आहे अशी खात्री करतो, बिनतारीवरून परवानगी देतो आणि बटण दाबून ती लाल रांग विझवतो, तेव्हाच पुढं जायचं. तोंडी परवानगी मिळाली पण लाल पेटलेलं आहे, तर चाक हलवायचं नाही. माणसाचा कान चुकतो, जीभ चुकते, म्हणून दिवे ठेवलेले असतात. हे कोकिळेला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं आणि ते तिला फार पटलं होतं. हे सगळे दिवे रोज रात्री फिरून तपासायचे, फुटलेले बदलायचे, पाणी शिरलेले उपसायचे, हे तिचं काम.

तिला फिरवायला ठेकेदाराची जीप असे आणि जीपवर भीमसिंग राठोड. घाटंजीजवळच्या तांड्यावरचा, पन्नाशीतला माणूस. पहिल्या दिवशी तिची बोली ऐकून त्यानं विचारलं होतं, "कोन्या गावची होय, बाई?" नेर ऐकून तो असा खुलला की जणू सख्खी बहीण भेटली. तेव्हापासून सहा वर्षं ती त्याला भीमसिंगभाऊ म्हणायची आणि तो तिला ताई, ती त्याच्या लेकीच्या वयाची असूनसुद्धा. तो कमी बोलायचा. धावपट्टीच्या तोंडाशी आला की जीप पूर्ण थांबवायचा, काच खाली करायचा, दोन्हीकडे मान वळवून पाहायचा, मगच बिनतारी उचलायचा. बाकीचे ड्रायव्हर त्याला हसायचे. तांड्यावरून घाटंजीच्या रस्त्यावर बैलबंडी काढतानाही आपला बाप असाच थांबायचा, असं तो सांगायचा.

दुखणं सुरू झालं सप्टेंबरात. पावसाचं पाणी जमिनीखालच्या जोडात शिरलं आणि मधल्या क्रॉसिंगवरची लाल रांग अडकली. टॉवरमधून बटण दाबलं तरी विझेना. विमानं ताटकळत उभी राहू लागली. मग टॉवरमधून सांगू लागले की लाल दिसतंय ते बिघाडाचं आहे, तोंडी परवानगीवर या. नऊ दिवस विमानं आणि गाड्या पेटलेल्या लालवरून गेल्या. जे कधीच करायचं नाही म्हणून शिकवलेलं, तेच सगळ्यांना सवयीचं झालं. कोकिळेनं नोंदवहीत लिहिलं की हे धोक्याचं आहे, केबल बदला. दहाव्या दिवशी सहायक अभियंता सलील पाठक यांचा फोन आला. त्या रांगेचा स्विच खालून पाडून टाका, तात्पुरतं. कोकिळेनं विचारलं, लेखी आदेश? ते म्हणाले, येतो आहे, तुम्ही आधी पाडा.

तिनं स्विच पाडला. स्वतःच्या हातानं. नोंदवहीत वेळ घातली आणि पुढं लिहिलं: 'पाठक साहेबांच्या तोंडी आदेशावरून.'

लेखी आदेश आला नाही. केबलही आली नाही. दर नऊ-दहा दिवसांनी कोकिळा लिहायची, 'मधल्या क्रॉसिंगचे लाल दिवे बंद, दुरुस्ती बाकी.' दर वेळी त्यासमोर पाठक साहेबांची बारीक सही आणि एकच शब्द उमटायचा, 'पाहिले.' सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत असं तेरा वेळा पाहिलं गेलं.

जानेवारीतल्या त्या रात्री आभाळ स्वच्छ होतं. धुकं नव्हतं, पाऊस नव्हता, म्हणजे दोष द्यायला निसर्गसुद्धा नव्हता. भीमसिंगचा बदली ड्रायव्हर आला नव्हता आणि तो चौदाव्या तासाला जीप चालवत होता. धावपट्टीच्या पलीकडचे काही दिवे तपासायचे होते, म्हणून दोघं मधल्या क्रॉसिंगवर आले. त्यांच्या जीपचं बिनतारीवरचं नाव 'बिजली सेव्हन'. त्याच वेळी धावपट्टीच्या अगदी टोकाला, उडायला निघालेल्या विमानाच्या मागच्या बाजूला, दुसरी जीप उभी होती. तिचं नाव 'बिजली सेव्हन्टीन'. नियमानं एकेक आकडा सुटा उच्चारायचा, पण रात्रीच्या घाईत तो नियम कोणी पाळत नसे. टॉवरमध्ये क्षितिज नावाचा तरुण अधिकारी होता. जोडीदार रजेवर आणि बदली दिलेली नाही, म्हणून दोन खुर्च्यांचं काम तो एकटा करत होता. एका कानात वैमानिक, दुसऱ्या कानात जमिनीवरच्या गाड्या. वैमानिकांची वाहिनी वेगळी, गाड्यांची वेगळी, त्यामुळे विमानाला उडायची परवानगी मिळाली हे जीपमध्ये कोणालाच ऐकू येत नसे.

दोन्ही जीपांनी ओलांडायची परवानगी मागितली होती. क्षितिजनं ती सतराला दिली. बिनतारीच्या खरखरीत भीमसिंगला सात ऐकू आलं, आणि शेजारी बसलेल्या कोकिळेलाही सातच ऐकू आलं. भीमसिंगनं परवानगी नीट उच्चारून परत सांगितली, "बिजली सेव्हन, क्रॉसिंग." त्याच सेकंदाला सतरावाल्यानंही तेच सांगितलं. दोन आवाज एकमेकांवर आदळले की बिनतारीत नुसती किंचाळी ऐकू येते. टॉवरमध्ये किंचाळी ऐकू गेली. क्षितिजला वाटलं सतराच बोलला, आवाज फाटला.

भीमसिंगनं डावीकडे पाहिलं. दूरवर दिव्यांच्या ओळी होत्या आणि त्यांत दोन दिवे थोडे ठळक. सरळ अंगावर येणारं विमान रात्री हललेलं दिसत नाही, जागच्या जागी मोठं होत जातं. पुढं रस्ता काळाभोर होता. लाल काही नव्हतं.

जीप धावपट्टीच्या मध्यावर आली तेव्हा कोकिळेला कळलं. ती म्हणाली, "भाऊ, विमान." भीमसिंगनं ब्रेक नाही मारला. ब्रेक मारला असता तर दोघंही तिथंच राहिली असती. त्यानं पाय पूर्ण दाबला. कोकिळेला जन्मभर आठवेल ते म्हणजे आवाज नव्हे, कारण आवाज नंतर आला. आधी जीपच्या आतला सगळा पसारा पांढऱ्या उजेडात लख्ख दिसला, हातातला पाना, पाण्याची बाटली, भीमसिंगच्या मनगटावरचे केस. मग विमान दोन मजल्यांच्या उंचीवरून त्यांच्या मागून गेलं आणि जीप एका बाजूला सरकली.

पलीकडे गेल्यावर भीमसिंगनं जीप उभी केली, बिनतारी उचलली आणि टॉवरला स्वतःच सांगितलं की आमची जीप धावपट्टीवर होती, आमच्या अगदी मागून विमान गेलं. मग तो खाली उतरून गवतात बसला. कोकिळेनं त्याला पाणी दिलं.

पहाटे त्याच्या तोंडाला यंत्राची नळी लावली. आकडा शून्य आला. कोकिळा तिथंच उभी होती, तिनं शून्य डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर ठेकेदाराच्या माणसानं भीमसिंगला बाजूला नेऊन एका इंग्रजी कागदावर सही घेतली आणि त्याचा पास कापून टाकला. दुपारी क्षितिजलाही कामावरून थांबवलं. कोकिळेला सांगितलं की तुम्हाला धक्का बसला असेल, पंधरा दिवस घरी जा.

घरी येऊन तिसरा दिवस. अंगणात तुरीचे पेंढे झोडपणं चाललं होतं आणि फाटकापाशी एक पांढरी कार थांबली. सलील पाठक उतरले. ते यवतमाळचेच, त्यांच्या घरात तीन पिढ्या कचेरीच्या नोकऱ्या. मावसभावाच्या लग्नाला आलो होतो, म्हटलं चक्कर टाकावी, असं ते बापूजींना म्हणाले. बापूजींनी खाट झटकून दिली, कोकिळेच्या आईनं चहा ठेवला. साहेब पिकापाण्याचं बोलले, जिल्ह्यातली माणसं बाहेर कशी एकमेकांना धरून असली पाहिजेत ते बोलले. मग पिशवीतून एक टाईप केलेला कागद काढून त्यांनी कोकिळेपुढे ठेवला.

कागदावर तिच्या नावानं लिहिलं होतं की चालकानं परवानगी मागितलेली आपण ऐकली नाही, चालक सुस्त वाटत होता, आणि त्याच्या तोंडाला वास येत होता की नाही हे आपण सांगू शकत नाही.

कोकिळेनं शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. वर्तमानपत्रातली दारू कुठून आली ते तिला तिथं दिसलं. वास येत होता असं कोणी खोटं म्हणणार नव्हतं. नुसतं सांगता येत नाही म्हणायचं आणि बाकीचं लोकांवर सोडायचं.

"त्याच्या तोंडाले चहाचा वास येत होता," ती म्हणाली. "माह्याच थर्मासातला चहा होता. हे लिहा."

साहेब शांतपणे म्हणाले, "कोकिळाताई, तो ठेक्यावरचा माणूस आहे. त्याचं काम आधीच गेलंय, ते काही परत येत नाही. तुमची नोकरी कायमची आहे. उगाच लाल दिव्यांचा विषय निघाला तर स्विच कोणी पाडला हेही निघेल."

"निघू द्या. म्या पाडला. तुमच्या फोनवरून पाडला."

"मीही वर लिहिलं होतं," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खरा वाटला. "दोनदा लिहिलं केबलसाठी. कोणी ढुंकून पाहिलं नाही."

"मंग तेच सांगा ना चौकशीत. मी तुमच्या बाजूनं बोलतो."

पाठक साहेबांनी कागद तिच्याकडे आणखी सरकवला. ते चौकशीत काही सांगणार नाहीत हे तिथंच दिसलं. कोकिळेला त्यांची कीव आली असती, पण त्याच हातानं त्यांनी हा कागद आणला होता. तिनं कागद उचलला, घडी घातली आणि म्हणाली की हा माझ्याकडेच राहू द्या, चौकशीवाल्यांना दाखवायला होईल. साहेबांनी हात पुढं केला. बापूजी तोवर तुरीच्या ढिगापाशी उभे होते, ते काठी टेकून दोन पावलं पुढं आले आणि म्हणाले, "साहेब, चहा थंडा होऊन राह्यला." कार गेल्यावर आईनं तो कप धुवायला नेला, तेव्हा तो तसाच भरलेला होता.

दुसऱ्या दिवशी कोकिळा यवतमाळला गाडी बदलून घाटंजीला आणि तिथून ऑटोनं तांड्यावर गेली. बाजाराचा दिवस होता, ऑटो भरलेला. भीमसिंग राठोडचं घर कुठं, विचारल्यावर ऑटोवाला म्हणाला, तो विमानवाला बेवडा का. कोकिळा उतरेपर्यंत त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही, आणि उतरल्यावर मात्र त्याला थांबवून ठेवून सगळं सांगितलं, यंत्रावरच्या शून्यासकट. ऑटोतल्या बाया टोपल्या मांडीवर घेऊन ऐकत बसल्या.

भीमसिंग घराच्या मागं गोठ्यात होता. चार-पाच दिवसांत तो वाकल्यासारखा झाला होता. ती आली हे पाहून त्याला आनंद झाला, पण कशासाठी आली ते ऐकल्यावर तो मान हलवू लागला. विमान वाचलं, एवढी माणसं वाचली, तू वाचली, आता बस झालं, असं त्याचं म्हणणं. चूक आपलीच, सतराचं सात आपणच ऐकलं.

"मले पण सातच ऐकू आलं, भाऊ," कोकिळा म्हणाली. "मंग माही बी चूक होय का? अन् लाल दिवे असते तर तुमी गेले असते का?"

भीमसिंगनं मान हलवणं थांबवलं. मग म्हणाला, "लाल असतं तर साक्षात याडीनं बलावलं असतं तरी नसतो गेलो." याडी म्हणजे त्याच्या बोलीत आई.

त्याची बायको नंदाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. आता ती बोलली. गावच्या शाळेनं पोरं न्यायला गाडी घेतली होती, पोटाचा आधार म्हणून नवऱ्यासाठी तिच्यावर चालकाचं काम मागायला ती स्वतः गेली होती. शाळा समितीचे अध्यक्ष शंकरसिंग, त्यांच्याच नात्यातले, त्यांनी तोंडावर सांगितलं की बेवड्याच्या हाती लेकरं कशी द्यायची. तीस वर्षं गाडी चालवली या माणसानं, नंदाबाई म्हणाली, कुत्र्याला धक्का लागू दिला नाही. हे सांगताना ती रडली नाही. तिनं नवऱ्याकडे पाहून म्हटलं, "तुमी नाई गेले तर मी जातो ताईसंगं. मले तर काही ऐकू बी आलं नव्हतं, पण मी बोलीन."

भीमसिंगनं हातातली शेणाची पाटी खाली ठेवली आणि विचारलं, जायचं कधी.

चौकशी विमानतळाच्याच एका कचेरीत होती. प्रमुख म्हणून एक वयस्क बाई होत्या, पूर्वी स्वतः विमान चालवलेल्या. त्यांनी कोकिळेला हिंदीत पहिलाच प्रश्न विचारला, लाल दिवे कोणी बंद केले. कोकिळेनं सांगितलं, मी. कोणाच्या सांगण्यावरून, कधी, आणि त्यानंतर किती वेळा लिहिलं, तेही सांगितलं. मग तो टाईप केलेला कागद त्यांच्यापुढे ठेवला. बाईंनी नोंदवही मागवली. ती आणायला अर्धा तास लागला, आणि तेवढा वेळ खोलीत पाठक साहेबांच्या वरचे दोन अधिकारी पंख्याकडे पाहत बसले होते. तेरा पानांवरचे तेरा 'पाहिले' बाईंनी एकेक करून मोठ्यानं वाचायला लावले.

मग टॉवरमधलं रेकॉर्डिंग लावलं. क्षितिजचा आवाज, आणि त्यावर ती किंचाळी. एक अधिकारी म्हणाला की यात चालकानं परत उच्चारल्याचा काही पुरावा नाही. भीमसिंग खुर्चीत आक्रसला. कोकिळा म्हणाली, या किंचाळीत त्याचा आवाज आहे, टॉवर लांब आहे म्हणून दोन्ही आवाज सारखे पोचले आणि एकमेकांत फाटले. मधल्या क्रॉसिंगला लागून अग्निशमन केंद्र आहे. तिथल्या सेटवरही रेकॉर्डिंग होतं, तिथली वायर मीच दोन वर्षांपूर्वी बदलली होती. आमची जीप तिथून शंभर पावलांवर होती, तिथं आमचाच आवाज जोरात आला असेल.

ते रेकॉर्डिंग आजवर कोणीच मागितलं नव्हतं. ते होतं, कपाटात होतं, सुरक्षित होतं. एका माणसाला दारुड्या ठरवायला सगळ्यांना वेळ होता, पण शंभर पावलांवरच्या कपाटापर्यंत जायला कोणाला झाला नव्हता. दुपारी ते आणून लावलं, आणि खोलीत भीमसिंगचा आवाज स्वच्छ उमटला, जरा थकलेला, पण एकेक शब्द सुटा. "बिजली सेव्हन, क्रॉसिंग." ऐकताना भीमसिंग दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला. चौकशीवाल्यांनी ते तीनदा ऐकलं.

अहवाल यायला सात महिने लागले. त्यात लिहिलं होतं की चालकानं आपल्यालाच मिळाली असं वाटणारी परवानगी रीतसर उच्चारून मगच गाडी पुढं नेली, तो नशेत नव्हता, आणि लाल दिव्यांची रांग चालू असती तर ही घटना टळली असती. सारखी वाटणारी नावं, दोन वाहिन्या, टॉवरमध्ये एकट्या माणसावर टाकलेलं काम, चौदा तासांची पाळी, सगळं त्यात होतं. त्यानंतर केबल आली. अकरा महिन्यांत न आलेली केबल अहवालानंतर चार दिवसांत आली. लाल रांग आता चोवीस तास चालते. जीपांची नावं बदलली, प्रत्येक गाडीवर यंत्र बसलं, त्यामुळे ती टॉवरच्या पडद्यावर दिसते, आणि धावपट्टीवर जाणाऱ्या गाड्यांना वैमानिकांचीच वाहिनी ऐकावी लागते. क्षितिज पुन्हा खुर्चीवर बसला, शेजारी जोडीदार घेऊन.

हे सगळं आधी करता येत होतं. कोकिळेला याचाच सगळ्यात जास्त संताप यायचा. यात नवा शोध काही नव्हता. सगळं नियमांच्या पुस्तकात छापलेलं होतं, आणि ते पुस्तक प्रत्येक साहेबाच्या टेबलावर होतं.

अहवालात 'व्यवस्थेतील त्रुटी' हे शब्द जागोजागी होते. माणसाचं नाव एकाही ठिकाणी नव्हतं. पाठक साहेब बढतीवर दुसऱ्या विमानतळावर गेले. ठेकेदाराचा ठेका वाढवून मिळाला. भीमसिंगला कामावर परत घ्यायचं काही बंधन नाही, असं ठेकेदारानं कळवलं. वर्तमानपत्राच्या यवतमाळच्या कचेरीत कोकिळा अहवाल घेऊन स्वतः गेली. तिथल्या माणसानं चहा पाजला आणि आठवड्यानं नवव्या पानावर, मुकुटबनच्या कबड्डी स्पर्धेच्या निकालाखाली तीन ओळी आल्या. मथळ्यात दारूचा उल्लेख नव्हता, भीमसिंगच्या नावाचाही नव्हता.

मग कोकिळेनं त्या पानांचं मराठी स्वतः केलं आणि भीमसिंगच्या गावच्या शाळेत समितीची बैठक होती तिथं जाऊन उभी राहिली. वाचते म्हणाली. मुख्याध्यापकांनी बसा म्हटलं तरी बसली नाही. पूर्ण वाचून झाल्यावर शंकरसिंग घसा खाकरून म्हणाले की आमी कुठं काय म्हणलं होतं, लोकं बोलत होते. कोकिळा म्हणाली, "लोकं म्हणजे कोण, ते सांगा. मी त्यायच्या घरी जाऊन वाचून दाखवतो." कोणी नाव सांगितलं नाही. भीमसिंगला शाळेची गाडी मिळाली. पहिल्या दिवशी नंदाबाई गाडीच्या मागच्या बाकावर बसून पूर्ण फेरी मारून आली, कोण काय बोलतं ते ऐकायला.

कोकिळा सुट्टीवर नेरला होती तेव्हा तिच्या नावानंही एक पत्र आलं. लेखी आदेश नसताना लाल दिव्यांचा स्विच बंद केल्याबद्दल तिला ताकीद देण्यात येत आहे आणि त्याची नोंद सेवापुस्तकात होईल. एवढ्या मोठ्या चौकशीतून शिक्षा म्हणावी अशी एकच गोष्ट बाहेर पडली, ती हीच. बापूजी म्हणाले, जाऊ दे बाई, नोकरी राहिली ना. तिची आईही तेच म्हणाली. तिनं दोघांचं ऐकून घेतलं, जेवली, आणि भांडी आवरल्यावर स्वयंपाकघरातच ओट्याशी उभी राहून उत्तर लिहिलं.

'स्विच मी बंद केला, हे चौकशीत मी स्वतःच सांगितलं. बंद करायला सांगणाऱ्यांचं नाव नोंदवहीत आहे. ते तेरा वेळा पाहणाऱ्यांची सहीही तिथं आहे, आणि केबलची मागणी दोनदा वाचून बाजूला ठेवणारे वरच्या कचेरीत आहेत. मला दिलेली ताकीद मला मान्य आहे. या सर्वांना कोणती ताकीद दिली, ते मला लेखी कळवावं.'

ते पत्र तिनं नेरच्या पोस्टातून रजिस्टर केलं. महिन्यानं दुसरं पाठवलं, मग तिसरं. तिन्ही पोचल्याच्या पावत्या तिच्याकडे आहेत, उत्तर एकाचंही नाही. कामावर ती केव्हाच रुजू झाली आहे. तोंडी आदेश आता ती घेत नाही. फोन आला की म्हणते, लिहून पाठवा, मी इथंच उभी आहे. काही साहेब चिडतात. चिडू देत, असं ती म्हणते, आणि चौथ्या पत्राची तारीख तिनं ठरवून ठेवली आहे.